पिचर काकांचा सत्कार

माझा नवरा पुण्याचा. त्यामुळे त्याचं मत आधी तयार असतं आणि माहिती मागाहून येते. बेसबॉलच्या बाबतीत तर माहिती यायला दोन वर्षं लागली, आणि तोवर घरात मतांचा ढीग साठला होता.

आम्ही तेव्हा वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनियातल्या हर्नडनला टाउनहाउसमध्ये राहायचो. वॉशिंग्टनला नवी बेसबॉल टीम आली आणि आमच्या ओळखीतल्या झाडून सगळ्या मराठी पुरुषांना साक्षात्कार झाला की आपण जन्मापासून या खेळाचे भोक्ते आहोत. कारण साधं होतं. क्रिकेट भलत्याच वेळेला लागायचं, दुसऱ्या दिवशी ऑफिस असायचं, आणि तावातावाने मत द्यायची खाज कुठेतरी भागवायला हवी होती. बेसबॉलची मॅच शनिवारी सोयीच्या वेळेला असते. मग दर शनिवारी आमच्या बैठकीत पाच-सहा जण, समोर चिवडा, हातात बिअर, आणि टीव्हीवर हरणारी टीम.

टीम हरायचीच. पण हरते असं म्हणायचं नसतं, 'रीबिल्डिंग चालू आहे' असं म्हणायचं. म्हणजे आत्ता हरतोय ते पुढे जिंकायचं आहे म्हणून. मला हे चटकन समजलं, कारण त्याच उन्हाळ्यात आमच्या किचनचं काम काढलं होतं. कॉन्ट्रॅक्टरने जुनं सिंक उचकटून गराजमध्ये ठेवलं आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला. फोन केला की 'मॅडम, प्रोसेस चालू आहे' म्हणायचा. मी भांडी बाथटबमध्ये घासत होते आणि बाहेर बैठकीत नवरा सगळ्यांना समजावत होता की जुनं उखडल्याशिवाय नवं उभं राहत नाही.

वादाचा विषय नेहमी एकच. टीममध्ये एक जुना खेळाडू होता, पस्तिशी केव्हाच ओलांडलेला, गुडघे कुरकुरणारा, पहिल्या बेसवर उभा राहायचा. आणि खालच्या लीगमध्ये कुठल्याशा गावात एक विशीतला पोरगा होता, जो म्हणे उद्याचा तारा. अशा पोरांना 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. आपल्याकडे होतकरू म्हणतात तसं. या पोराला आमच्यापैकी कोणीही खेळताना पाहिलेलं नव्हतं. पण माझ्या नवऱ्याने इंटरनेटवरून त्याचे आकडे काढले होते आणि स्थळाची पत्रिका वाचावी तसे तो ते वाचून दाखवायचा. म्हाताऱ्याला दुसऱ्या टीमला देऊन टाका, पोराला खेळवा, तीन वर्षं कळ सोसा, असा त्याचा कार्यक्रम ठरलेला होता. बाकीचे माना डोलवायचे.

गंमत म्हणजे हे सगळे चाळिशीच्या अल्याडपल्याड होते. दोघे केस रंगवायचे. सोमवार ते शुक्रवार हीच मंडळी ऑफशोअरच्या स्वस्त, तरुण पोरांच्या नावाने बोटं मोडायची. अनुभवाला काही किंमतच राहिली नाही यार, पंधरा वर्षं ज्याने सिस्टिम सांभाळली त्याला विचारत नाहीत आणि काल आलेल्याला लीड करतात. हे शुक्रवारी. शनिवारी म्हाताऱ्याला काढा. एका तोंडाने दोन्ही बोलायचं आणि मध्ये चिवडा खायचा, ही कला आमच्या लोकांनी छान कमावली आहे.

म्हाताऱ्याच्या बाजूने बोलणारे एकटे काका असायचे. नात्याने आमचे कोणी नव्हेत. हर्नडनच्या यच्चयावत मराठी लोकांचे ते काका. सत्तरच्या दशकात सोलापूरहून शिकायला आले ते इथलेच झाले. इथे टीम नव्हती तेव्हा ते बाल्टिमोरपर्यंत गाडी हाणत मॅच बघायला जायचे. खेळ खरा कळत होता तो त्यांनाच. बॉल फाउल का झाला, पळणारा मध्येच परत का फिरला, हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं, आणि आता शिकलेले सगळे त्यांनाच शहाणपण सांगत होते. काका हळू आवाजात म्हणायचे की अरे, तो म्हातारा बाकीच्यांना उभं कसं राहायचं ते शिकवतो, ते आकड्यांत येत नाही. नवरा म्हणायचा, काका, तुम्ही इमोशनल होताय.

आमची आठ वर्षांची मुलगी एकदा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, यू कान्ट इव्हन हिट द बॉल." तिला खोलीत पाठवण्यात आलं.

तर ही झाली टीव्हीवरची टीम. आमची स्वतःचीही एक टीम होती. दर जुलैमध्ये मराठी लोकांची आणि शेजारच्या गुजराती मंडळींची एकत्र पिकनिक व्हायची, रेस्टनजवळच्या एका पार्कात, आणि जेवणाआधी दोघांची सॉफ्टबॉलची मॅच. बॉल मोठा आणि तो हात खालून फिरवून फेकायचा, एवढे नियम सगळ्यांना माहीत. बाकीचे खेळताना आठवायचे. आमच्याकडून बॉल टाकायचे काका. पिकनिक सुरू झाली तेव्हापासून पिचर तेच, दुसऱ्या कोणाचा कधी प्रश्नच आला नव्हता.

काकू मला एकदा त्यांच्या गराजमध्ये घेऊन गेल्या होत्या. मागच्या भिंतीवर एक जुना गालिचा टांगलेला होता आणि मध्यभागी त्याचा रंग पार उडाला होता. एप्रिल लागला की काका रोज ऑफिसमधून येऊन त्या गालिच्यावर बॉल टाकतात, असं त्या म्हणाल्या. मुलगा सिएटलला, मुलगी लंडनला, दोघांचे फोन रविवारी. "दिवाळी विसरतील एक वेळ, पण हे नाही," काकू म्हणाल्या, "वर्षभर त्या एका दिवसावर जगतात ते." हे त्या कौतुकाने नाही, काळजीने बोलल्या. काकांना साठी लागली होती आणि उजवा खांदा रात्री दुखायचा.

आम्ही मॅच हरायचो हेही खरं. त्याची कारणं अनेक होती. आमचे लोक बॉल मारला की क्रिकेटच्या सवयीने बॅट हातात घेऊनच पळायचे. बॉल मागे गेला की फोर म्हणून हात वर करायचे. पकडायला उभे असलेले गप्पा मारायचे. पण नाचता येईना अंगण वाकडं. सलग काही वर्षं हरल्यावर आमच्या बैठकीत एका शनिवारी शोध लागला की दोष पिचरमध्ये आहे. काका त्या दिवशी आले नव्हते. काकूंना डॉक्टरकडे न्यायचं होतं.

शिवाय आमच्याकडे तेव्हा एक प्रॉस्पेक्ट आला होता. नागपूरचा पोरगा, वर्षभरापूर्वी व्हिसावर आलेला, कॉलेजात म्हणे फास्ट बोलर होता. नवऱ्याने त्याला पार्किंग लॉटमध्ये खालून बॉल टाकायला लावला. बॉल असा सुसाट गेला की एका गाडीचा आरसा तुटला. गाडी आमचीच होती, तरी नवरा घरी आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. स्पीड बघितलास का, म्हणाला. मी म्हटलं, आरसा बघितला. पोरगा बिचारा साधा होता. तो सारखं म्हणत होता, "काका टाकतात ना, मी कशाला?" पण प्रॉस्पेक्टला कोण विचारतो.

तेव्हा ठरलं. आपलंही रीबिल्डिंग. काकांना काढायचं, पोराला उभं करायचं.

आता काकांना सांगायचं कोणी? इथे सगळ्यांचं पाणी जोखलं गेलं. टीव्हीवरच्या म्हाताऱ्याला चुटकीसरशी हाकलून देणारे हे वीर. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हटल्यावर एकाला गुडघेदुखी आठवली, दुसऱ्याला बायकोचा फोन आला. काकांनी ज्याला एअरपोर्टवरून आणलं होतं तो म्हणाला माझ्याच्याने होणार नाही. ज्याला त्यांनी गाडी शिकवली तो म्हणाला मी तर त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नाही. माझ्या नवऱ्याला त्यांनी बॅट धरायला शिकवलं होतं. तो चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसला.

मी म्हटलं, "सरळ सांगा ना. काका, या वर्षी त्याला टाकू द्या. काय खातील का तुम्हाला?"

"तसं तोंडावर बोलणं बरं दिसत नाही," नवरा म्हणाला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर तो पुणेरी प्रकाश पडला. "आपण त्यांचा सत्कार करू."

वाचकहो, हा खास आपला शोध आहे. माणूस नकोसा झाला की त्याचा सत्कार करायचा. इंग्रजीत माणसाला नारळ देतात की नाही मला माहीत नाही, पण आपण तो शालीवर ठेवून, हार घालून, टाळ्या वाजवून देतो. ज्याला दिला त्याने वर आभार मानायचे. मॅचच्या आधी, जिथून काका बॉल टाकतात त्याच जागी त्यांना शाल-श्रीफळ द्यायचं, 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणून घोषित करायचं आणि झाडाखालच्या खुर्चीत नेऊन बसवायचं. बसल्यावर माणूस उठून बॉल टाकायला जात नाही. सगळ्यांना कल्पना एवढी आवडली की पोरांना जास्त जिलेबी मिळावी तसे त्यांचे चेहरे फुलले. काकांचा मान राहणार, टीम सुधारणार, आणि कोणालाच काही बोलायला नको.

शाल आणायचं काम माझ्याकडे. कारण सांस्कृतिक गोष्टी बायकांकडे. मी चिडून म्हटलं की जुलैत व्हर्जिनियात शाल म्हणजे माणसाला वाफेवर ठेवायचं. नवरा म्हणाला, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. इंडियन स्टोअरमध्ये पुरुषांची शाल नव्हती. मिळाली ती मरून रंगाची, काठाला जरीसारखं काहीतरी, लग्नात विहिणींना देतात तशातली. नारळ वाण्याकडचा, शेंडी नसलेला. मी तो घेताना हलवून पाहिला, पाणी वाजलं नाही. तोच घेतला. मला तेव्हा एवढा राग आला होता की चांगला नारळ शोधायची इच्छाच झाली नाही.

पिकनिकच्या दिवशी सकाळपासून घामाच्या धारा. गुजराती मंडळींनी ढोकळा, खांडवी, थंड छास असा सरंजाम मांडला होता, आमच्याकडे छोले आणि मागच्या वर्षीसारखाच कमी पडणारा बर्फ. काका आधीच येऊन बाजूला हात फिरवत होते. पांढरी टोपी, जुना ग्लव्ह, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर. मला बघून म्हणाले की या वर्षी एक नवा बॉल बसवलाय, बघ तू. त्यांच्या आवाजात सणासुदीचा उत्साह होता. मी काहीतरी पुटपुटून बर्फाकडे गेले. माझ्या पिशवीत शाल होती.

मग नवऱ्याने सगळ्यांना गोळा केलं. काकांना हाताला धरून मैदानाच्या मध्यभागी नेलं. काकांना वाटलं मॅच सुरू होतेय, त्यांनी ग्लव्ह चढवला. मी त्यांच्या अंगावर शाल घातली, काकूंनी ओवलेला त्यांच्या बागेतल्या झेंडूंचा हार कोणी तरी घातला. काकूंना सांगितलं होतं की सत्कार आहे. त्यांना कौतुक वाटलं होतं. नारळ काकांच्या ग्लव्हमध्ये ठेवावा लागला, कारण दुसऱ्या हातात बॉल होता.

नवऱ्याचं भाषण झालं. काकांनी आम्हाला हा खेळ शिकवला, काकांनी वर्षानुवर्षं बॉल टाकला, काकांचं योगदान विसरता येणार नाही. मी तिथेच उभी होते आणि ऐकता ऐकता काकांचा चेहरा बघत होते. पहिल्या दोन वाक्यांना ते लाजून हसत होते. मग भाषणात सगळं 'होतं', 'होते' असं यायला लागलं तसं हसू राहिलं पण डोळे थांबले. शेवटी नवरा म्हणाला की यापुढे ते आम्हाला ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणून लाभावेत, आणि नव्या पिढीला संधी देण्याच्या त्यांच्या मोठेपणाबद्दल जोरदार टाळ्या. टाळ्या झाल्या. नागपूरचा पोरगा खाली बघत उभा होता.

काकांनी नारळ जमिनीवर ठेवला. कपाळावरचा घाम शालीच्या टोकाने पुसला.

"मला या देशात नोकरीवरून दोनदा काढलं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू. "दोन्ही वेळा मॅनेजरने समोर बसवून सांगितलं. वाईट वाटलं, पण मी घरी जाऊन जेवलो. शाल कोणी पांघरवली नाही मला."

नवऱ्याने 'काका, तसं नाही' एवढं म्हटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी शाल काढली, नीट घडी केली, काकूंच्या हातात दिली आणि ते झाडाखालच्या खुर्चीकडे चालू लागले. बेत पार पडला होता. नवऱ्याने पोराला बॉल दिला.

तेवढ्यात गुजरात्यांचा कॅप्टन आमच्याकडे आला. पेशाने दंतवैद्य, गोल, हसतमुख माणूस. त्यांची दोन माणसं न्यूजर्सीला लग्नाला अडकली होती, त्यातला एक त्यांचा पिचर. त्याला आमचं मराठी भाषण काही कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की काका आज खेळत नाहीत. तो सरळ खुर्चीपाशी गेला आणि हिंदीत म्हणाला, "काका, आप खाली हैं क्या? हमारे लिए डालेंगे?"

काकांनी आमच्याकडे एकदा पाहिलं. मग टोपी सरळ केली आणि उठले.

टीव्हीसमोर शेकडो तास वाद घालणाऱ्या आमच्या विद्वानांना एवढी एक साधी गोष्ट कधी सुचली नव्हती. सोडून दिलेला म्हातारा जातो कुठे? तो समोरच्या टीममध्ये जातो. नवरा तोंड उघडं टाकून बघत राहिला, आणि खरं सांगते, मला इतका आनंद लग्नानंतर क्वचित झाला असेल.

मॅचबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमच्या प्रॉस्पेक्टचा स्पीड खरोखर भीतीदायक होता, फक्त बॉल कुठे जाईल हे त्याला माहीत नव्हतं. चार बॉल बाहेर गेले की समोरच्याला चालत पहिला बेस मिळतो. गुजराती मंडळी जेवणाआधीच शतपावलीला निघाल्यासारखी एकामागून एक चालत राहिली आणि चालता चालता त्यांचे रन होत गेले. एक आजोबा तर छासचा ग्लास हातात घेऊनच दुसऱ्या बेसपर्यंत पोचले. पोरगा रडवेला झाला. त्याच्याकडे जाऊन 'सावकाश टाक, बोटं सैल सोड' असं सांगणारा एकच माणूस मैदानावर होता, आणि तो आता पलीकडे होता. तरी इनिंग संपल्यावर जाताजाता काकांनी पोराच्या मनगटाला हात लावून काहीतरी दाखवलंच.

मग आमची बॅटिंग. काकांचा बॉल हवेत उंच जायचा, वर जरा रेंगाळायचा, आणि मग मर्जी झाल्यावर खाली यायचा. आमचे वीर बॉल यायच्या आधीच बॅट फिरवून मोकळे व्हायचे. माझा नवरा आला तेव्हा काका जरा थांबले. त्यांनी त्याला तोच बसवलेला नवा बॉल टाकला. नवऱ्याने अशी बॅट फिरवली की तो स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो नुसता बघत उभा राहिला आणि बॉल त्याच्या छातीसमोरून निवांत निघून गेला. आउट. काका हसले नाहीत, हात वर केला नाही. खांदा चोळत पुढच्या माणसाची वाट बघत उभे राहिले.

आम्ही हरलो. दरवर्षीपेक्षा फार जास्त.

जेवणाच्या वेळी काका पलीकडच्या टेबलावर बसले होते. काकूही. त्यांच्या ताटात खांडवीचा ढीग होता आणि दंतवैद्य त्यांच्या खांद्यावर बर्फाची पिशवी धरून उभा होता. मी नवऱ्याला म्हटलं, जा. तो गेला, मीही मागे गेले. तो म्हणाला की काका, झालं गेलं विसरा, आमचं चुकलं, पुढच्या वर्षी तुम्ही आपल्याकडूनच टाकायचं.

काकांनी चमचा खाली ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाळा, तुम्ही मला कधी विचारलंच नव्हतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं दरवर्षी मी आपला येऊन उभा राहायचो. खेळाल का असं कोणी विचारलं, ते आज. म्हणून त्यांना हो म्हटलं. पुढच्या वर्षीचंही म्हटलं."

नवऱ्याला बेसबॉलमधल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं. इथे त्याला नुसतं 'बरं' म्हणता आलं. परत येताना त्याने कोणाकडे बघितलं नाही.

पुढच्या शनिवारी बैठकीत सगळे जमले, काका आले नाहीत. मी दोनदा फोन केला, काकू म्हणाल्या त्यांचं आज दंतवैद्यांकडे जेवण आहे. टीव्हीवर मॅच लागली होती. खालच्या लीगमधला तो विशीतला पोरगा शेवटी वर आला होता, पहिल्या बेसवर उभा होता, आणि त्याच्या हातून साधा झेल सुटला. पुढे एक गोंधळाचा प्रकार झाला, पळणारा मध्येच परत फिरला, पंचाने हात हलवला, आणि काय झालं ते आमच्यातल्या एकालाही कळलं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नवरा टीव्हीकडे बघतच म्हणाला की टीममध्ये एखादा जुना माणूस लागतो यार.

मत काकांचंच होतं, आणि त्या बैठकीत पहिल्यांदाच त्यावर कोणी वाद घातला नाही.